झिरो वायरमन कुणाचा

आमच्या गावात पारावर चार टाळकी जमली की एकच विषय निघतो. सरकारी बरं का खाजगी बरं? एक म्हणतो, ही सरकारी खाती विकून टाका, फोन केला की माणूस दारात हजर पाहिजे. दुसरा म्हणतो, विकल्यावर तुझ्या दारात कोण फिरकतंय बघू. मी दळणाचा डबा घेऊन तिथनं निघाले की दोघंही गप्प बसतात. मला दोन्हीची चव चांगली कळलेली आहे, आणि माझ्या तोंडी लागायची कुणाची टाप नाही.

माझा नवरा झिरो वायरमन होता. शहरातल्या माणसाला हे पद माहीत नसेल. गावाला वीज खात्याचा एक पक्का वायरमन असतो. पगार, पेन्शन, सगळं असलेला. पण भरती बंद, त्यामुळं त्याच्या एकट्याच्या गळ्यात पाच-सहा गावं, आणि वयानं गुडघे गेलेले. मग त्याच्या मदतीला एजन्सीची कंत्राटी पोरं दिली. ठेका बदलला की पोरं बदलतात. कुठली तार कुठल्या डीपीवरनं, म्हणजे ट्रान्सफॉर्मरवरनं, येते हे पोराला कळेस्तोवर त्याला दुसरीकडं पाठवलेलं असतं. आणि ह्या दोघांच्याही खाली, कुठल्याच कागदावर नसलेला, गावातलाच एक जण असतो. तो झिरो. नेमणूक झिरो, पगार झिरो. खांबावर मात्र तोच चढतो.

आमचे हे बघून बघूनच काम शिकले होते. फ्यूज गेला, तार तुटली, मोटारीला दोनच फेज येतायत, की लोक सरकारी नंबर लावत नसत. आमच्या अंगणात येऊन हाक मारत. हे जेवणावरनं उठून जायचे. बदल्यात कुणी वांगी द्यायचं, कुणी टोमॅटोचं क्रेट, कुणी नुसता चहा. एकदा बारामतीच्या बाजारातनं स्वतःच्या पैशानं खाकी शर्ट घेऊन आले. मी म्हणाले, "सायेब, बदली कुठं झाली म्हणायची?" तर आरशासमोर उभं राहून कॉलर नीट करत म्हणाले, "गप ए. लोक मानत्यात." मानत होते, खोटं कशाला बोलू? पक्का वायरमनही मानायचा. आमच्याकडं आला की ज्वारीची भाकरी आणि ठेचा मागून खायचा, मला वहिनी म्हणायचा. गावाला झकास सेवा मिळत होती. नाव सरकारचं, बिल वेळेवर, आणि जीव आमच्या घरचा.

तो दिवस उन्हाळ्यातला. आदल्या दिवशी संध्याकाळी वावटळ उठली आणि ओढ्याकडच्या खांबावरची तार तुटली. गावठाण अंधारात. दुपारी आम्ही जेवायला बसलो होतो, तेवढ्यात गिरणीवाले चाचा आले. आमच्या मागच्या गल्लीत त्यांची पिठाची गिरणी. माझं माहेर लांब, म्हणून मी ह्या गावात आल्यापासून ते मला लेक म्हणतात आणि ह्यांना जावईबापू. दारातनंच म्हणाले, "जावईबापू, बघा की जरा. लग्नाच्या घरचं दळण अडकलंय, माणसं माझ्या नावानं ओरडायला लागलीत."

ह्यांनी पक्क्या वायरमनला फोन लावला. तो इंदापूरला ऑफिसात मीटिंगला गेलेला. आमच्याकडं रीत अशी, की तार जोडायची असेल तर पक्क्या माणसानं सबस्टेशनला फोन करून परमिट घ्यायचं. परमिट म्हणजे तिथला ऑपरेटर लाईन बंद करतो, आणि ज्यानं परमिट घेतलं त्यानं सांगितल्याशिवाय परत चालू करत नाही. थोड्या वेळानं वायरमनचा फोन आला. हे "बरं, बरं" म्हणाले आणि मला म्हणाले, "बंद केलीय. तू पाण्याची बाटली घे."

बाभळीच्या सावलीत मी आणि चाचा उभे. हे वर चढले. तिकडं सबस्टेशनात पाळी बदलली. आधीचा ऑपरेटर पुढच्याला काही न सांगता घरी गेला. दोघंही एजन्सीचे. परमिट सरकारी माणसाच्या नावावर, तेही तोंडी, फोनवरचं. नव्या पोरानं बघितलं, लाईन विनाकारण बंद दिसतीय. त्यानं चालू केली. त्यापुढचं मी लिहीत नाही. खाली मी होते, एवढं पुरे.

पंचनाम्यात काय लिहिलं ते मला दिवस घातल्यावर कळलं. "अनधिकृत इसम, आकडा टाकण्याच्या उद्देशाने खांबावर चढला असता." आकडा म्हणजे चोरून वीज घ्यायला तारेवर टाकतात तो. ज्या माणसानं गावातले आकडे काढताना लोकांच्या शिव्या खाल्ल्या, तो आकडा टाकताना मेला! हे लिहिणाऱ्याचा हात कसा झडला नाही, असं मी चारचौघांत बोलले. सासूबाईंनी मला आत ओढलं.

मग शाळा सुरू झाली. एक दिवस आमची लेक घरी आली, दप्तर कोपऱ्यात भिरकावलं आणि जेवेना. लई विचारल्यावर म्हणाली, "मम्मी, पप्पा लाईट चोरत होते का? वर्गात म्हणतात." त्या दिवसापासून मला एकच गोष्ट पाहिजे होती. ती ओळ खोडायची आणि तिथं लिहून घ्यायचं, लाईनचं काम करताना गेले. भरपाई मिळाली असती तर मी नको म्हणाले नसते, मी काय देवी नाही. पण आधी ती ओळ.

पहिल्यांदा बारामतीला एजन्सीच्या ऑफिसात गेले. काचेचं दार, आत गार हवा. पोरीनं "मॅडम, बसा" म्हणून खुर्ची दिली, थंड पाण्याची बाटली दिली. आयुष्यात मला कुठल्या ऑफिसात कुणी मॅडम म्हटलं नव्हतं, मला बरं वाटलं, का नाही वाटणार? एक तरुण मॅनेजर आला. त्यानं कॉम्प्युटरमध्ये बघितलं आणि म्हणाला, "मॅडम, तुमचे मिस्टर आमच्या रोलवर नाहीत. सो सॉरी." मी म्हणाले, लाईन चालू करणारा पोरगा तर तुमचाच ना? म्हणाला, "त्याला आम्ही काढून टाकलंय." एवढं बोलून त्यानं हात जोडले. माझं पाणी अजून अर्धं राहिलं होतं.

सरकारी ऑफिस इंदापूरला. तिथं बाकडं होतं, आणि वर खडखडणारा पंखा, तो माझ्या डोक्यात पडतो का काय असं वाटायचं. साहेब साइटवर. साहेब मीटिंगला. साहेब जेवायला. मात्र तिथल्या शिपाईमामांनी माझ्यासाठी न मागता चहा सांगितला, आणि कारकून बाईंनी माझा अर्ज वाचून सगळ्या चुका नीट करून दिल्या. त्या ऑफिसात मला कुणी नाही म्हणालं नाही. हो पण म्हणालं नाही. पावसाळा गेला, थंडी आली, मी वालचंदनगरवरनं एसटी बदलून हेलपाटे घालतच राहिले. खाजगीवाल्यानं एका दमात तोडून टाकलं, सरकारनं लोंबकळत ठेवलं. माझ्यासारखीनं यातलं बरं कुठलं म्हणायचं?

शेवटी एकदाची चौकशीची तारीख लागली. कारकून बाई म्हणाल्या, "तुमच्या एकटीच्या बोलण्यावर नाही भागायचं. तुम्ही घरच्या. बाहेरचा साक्षीदार आणा, काम करायला चढले होते म्हणून सांगणारा."

साक्षीदाराला काय तोटा! अख्ख्या गावाला ह्यांनी उजेड दिलेला. मी घरोघर फिरले. "येतो की, म्हंजे काय," सगळे म्हणाले. वाईट कुणीच नव्हतं. ह्याच लोकांनी दहाव्याला स्वयंपाक केला होता, घरात ज्वारी आणून टाकली होती, लेकीला नवं दप्तर घेतलं होतं. पण त्या सकाळी कुणाचं पोरगं आजारी पडलं, कुणाची टोमॅटोची गाडी भरायची निघाली, एक आबा तर दाराआडनं सुनेला सांगत होते, घरात न्हाईत म्हणून सांग. मला ऐकू येत होतं. एसटीच्या थांब्यावर एकटे चाचा उभे होते, इस्त्रीचा पांढरा सदरा आणि नवी टोपी घालून. म्हणाले, "गिरणी आज बंद ठिवलीय. चल."

चौकशीला आलेले साहेब माणूस म्हणून बरे होते. ओरडत नव्हते. एका बाजूला एजन्सीचा तो मॅनेजर, दुसऱ्या बाजूला पक्का वायरमन. साहेबांनी वायरमनला विचारलं, "मयताला ओळखत होता?"

त्यानं टेबलाकडं बघितलं. "गावातला माणूस म्हणून ओळखतो."

माझ्या हातची भाकरी खाल्लेला माणूस! मला अशी चीड आली, की ठेचा करताना मिरची रगडतात तसं त्याला रगडावं.

"तुम्ही त्यांना चढायला सांगितलं?"

"न्हाय सायेब. मी परमिट घेतलं, ते मी सोता जाऊन काम करणार म्हणून."

मी उभी राहिले. "खोटं बोलतोय. ह्यानंच फोन करून सांगितलं, बंद केलीय म्हणून."

"तुम्ही स्वतः ऐकलं?" साहेब म्हणाले.

फोन ह्यांच्या कानाला होता. मी काय ऐकणार? फोनचं रेकॉर्ड काढा असं मी म्हणाले, तर साहेब म्हणाले, फोन झाला एवढंच कळेल, काय बोलले ते कळणार नाही. मग त्यांनी चाचांकडं बघितलं. चाचांनी घसा साफ केला आणि सगळं सांगितलं. तार कशी तुटली, गिरणी कशी बंद पडली, ते आमच्या दारात कसे आले. "आकडा बिकडा काय न्हाय सायेब. मी बोलिवलं त्यान्ला. माझ्यासाटनं चढलं त्ये."

मला वाटलं, झालं. आता ती ओळ खोडतील.

साहेबांनी पेन खाली ठेवलं. "आजोबा, हे असं लिहून घेतलं तर काय होतं माहीत आहे का? ज्याला खांबाला हात लावायची परवानगी नाही, अशा माणसाला तुम्ही तुमच्या धंद्यासाठी वर चढवलं आणि तो मेला. गुन्हा तुमच्यावर दाखल होऊ शकतो. मी तुम्हाला भीती दाखवत नाही, जे आहे ते सांगतोय."

वायरमनची नजर टेबलावर. मॅनेजर मोबाईलमध्ये बघत होता. एकाला खातं वाचवणार, दुसऱ्याला कंपनी वाचवणार. त्या खोलीत मागं कुणी नसलेली माणसं दोनच, मी आणि चाचा. आणि जबाबदार कोण ह्याचं उत्तर फिरून फिरून येऊन थांबलं ते गिरणीवाल्या म्हाताऱ्यावर!

"लिवा," चाचा म्हणाले. आवाज घट्ट होता, पण हात टोपी सारखी करत होता, एकदा केली, परत केली. "मी बोलिवलं. लिवा तसं."

साहेबांनी पेन उचललं.

"थांबा," मी म्हणाले. "त्यांनी बोलावलं नव्हतं."

"ए लेकी..."

"तुमी गप बसा चाचा." मग मी साहेबांना म्हणाले, "म्हातारं माणूस आहे. माझ्यावर माया आहे, म्हणून बोलतंय. ते तिथं नव्हतेच."

साहेबांनी एकदा चाचांकडं, एकदा माझ्याकडं बघितलं. त्यांना सगळं कळलेलं होतं, असं मला आजही वाटतं. "मग तुमचे पती खांबावर कशासाठी चढले होते, बाई?"

कामासाठी म्हणाले असते, तर बोलावलं कुणी हा पुढचा प्रश्न परत चाचांवरच आला असता. "मला माहीत नाही."

"असंच लिहू?"

"लिहा."

मी सही केली. मॅनेजर पहिल्यांदा उठून उभा राहिला आणि त्यानं माझ्यासाठी दार उघडून धरलं.

परतीच्या एसटीत चाचा माझ्याशेजारी बसले नाहीत. दोन बाकडी सोडून खिडकीकडं तोंड करून बसले. गावात उतरल्यावर एवढंच म्हणाले, "मला इचारायचं तरी व्हतं." मी म्हणाले, इचारलं असतं तर तुमी ऐकलं असतं व्हय? ते तसेच गिरणीकडं गेले.

लेक उंबऱ्यात बसून वाटच बघत होती. शाळेच्या कपड्यातच. मला पाणीसुद्धा पिऊ दिलं नाही. "काय लिहिलं मम्मी? खोडलं का?"

खोटं सांगायचं माझ्या जिभेवर आलं होतं. पण ते तिला वर्गात परत कुणीतरी सांगणारच. मी तिला जवळ घेतलं. "न्हाय खोडलं. मी तिथं माहीत न्हाय म्हणाले. पण तू ऐक. तुझे पप्पा काम करायला चढले होते. लोकांना लाईट द्यायला. मी तिथं खाली उभी होते, मी माझ्या डोळ्यांनी बघितलंय. कुणी काही बोललं तर त्याला सांग, माझ्या मम्मीनं बघितलंय."

तिनं माझ्या पदरातनं मान वर काढली आणि मला विचारलं, "मग तिथं का नाही सांगितलंस?"