हँडलच्या दोन पिशव्या

मंडळी, आज माझं चांगलंच हसं झालं. पण जेवण झकास झालं, म्हणून निवांत सांगतो.

बायको माहेरी आहे. तिला आणायला सकाळी बारामतीहून सणसरला निघालो. गाडीच्या हँडलला दोन सारख्याच प्लॅस्टिकच्या पिशव्या लावल्या होत्या. एकीत सासरच्यांसाठी बालुशाही, दुसरीत सकाळच्या भाजीचा कचरा. घंटागाडी चुकली की आमच्या गल्लीत सगळे हेच करतात. कचरा हँडलला लावायचा आणि जाता जाता कालव्यात टाकायचा.

पुलावर थांबलो. पुढं बघितलं, मागं बघितलं. कुणी नव्हतं. पिशवी भिरकावली आणि निघालो.

सणसरला सासऱ्यांनी कौतुकानं हातातली पिशवी घेतली आणि सगळ्यांसमोर उघडली. आत मटारची टरफलं आणि फ्लॉवरचा पाला.

पुलावर मी कुणी बघतंय का तेवढंच बघितलं होतं. हातात काय आहे ते बघितलंच नव्हतं.

बायकोनं कपाळाला हात लावला. सासरे मात्र शांतपणे गोठ्यात गेले आणि सगळा पाला म्हशीपुढं टाकला.

"पावणं पहिल्यांदाच हिच्यासाठी कायतरी घेऊन आलं," म्हणाले. म्हशीनं एक पान शिल्लक ठेवलं नाही.

मग त्यांनी रिकामी पिशवी झटकून माझ्या हातात दिली. "ही तेवढी माघारी न्या. ही काय म्हस खात न्हाय."

आता जेवून बाजेवर पडलोय. पिशवी घडी करून खिशात ठेवलीय. जाताना तोच पूल लागणार आहे.

तुम्ही पुलावर थांबता, तेव्हा आधी काय बघता?