अक्कांची दुपारची झोप

शांतता बनवायच्या धंद्यात केवढा गोंगाट असतो, हे बाहेरच्या माणसाला सांगून पटत नाही. आणि त्या गोंगाटात किस्से तर असे साठतात की घरी आल्यावर भुशासारखे खिशातून निघत राहतात. माझी बायको दारातच सांगते, "भुसा बाहेर झटक, किस्से आत घेऊन ये!"

मी मूळचा निपाणीचा, बंगळुरात रेकॉर्डिंग इंजिनिअर आहे. आजवर पाच-सहा स्टुडिओंच्या वायरी ओढल्या, पण किस्से म्हटलं की मला बसवनगुडीतला मिहिरचा स्टुडिओच आठवतो. मिहिर पुण्याचा. सॉफ्टवेअरमधली बरी नोकरी सोडून स्टुडिओ काढायला निघाला होता. स्वतः ड्रम वाजवायचा, आणि त्यापायी तीन घरमालकांनी त्याला घर सोडायला लावलं होतं. चौथं घर मिळालं ते अक्कांचं. अक्का वर राहायच्या, तळमजला त्याला दिला.

अक्का म्हणजे शाळेतून रिटायर झालेल्या गणिताच्या बाई, वय ऐंशीच्या आसपास. त्यांचं घराणं इथं इतक्या पिढ्यांपासून आहे की मराठी बोलताना मध्येच कानडी कधी सुरू होतं ते त्यांनाही कळत नाही. त्यांनी करारात स्वतःच्या अक्षरात एक ओळ घातली. दुपारी दोन ते साडेतीन ही माझी झोपेची वेळ. खालच्या आवाजानं झोप मोडली की करार मोडला!

मिहिर घाईघाईनं म्हणाला, "अक्का, काळजी करू नका. डिझाइन राघू अण्णा करतायत."

"म्हणूनच तर अट घातली की रे! राघूला गणित मीच शिकवलंय."

*

राघू अण्णा स्टुडिओच्या खोल्या आखून देणारे, बासष्ट वर्षांचे, त्याच गल्लीत वाढलेले. पहिल्या दिवशी साइटवर आले ते ना मोजायची टेप घेऊन, ना लॅपटॉप. मिहिरच्या आणि माझ्या हातात एकेक कोरा कागद दिला, एक स्वतः घेतला आणि म्हणाले, "तासभर गप्प बसायचं. जे ऐकू येईल ते लिहायचं."

मिहिरनं सहा आवाज लिहिले. मी अकरा लिहिले आणि मनातल्या मनात कॉलर ताठ केली. अण्णांचे झाले सत्तावीस! रिक्षा, कोकिळा, पलीकडच्या गल्लीतली पिठाची गिरणी. शेवटी लिहिलं होतं, 'वर अक्का. डावा पाय जड पडतो. उजवा गुडघा दुखत असणार.'

मी कागद वर नेऊन दाखवला. अक्कांनी चष्मा लावून वाचला.

"अय्यो! डॉक्टरला हे कळायला तीन खेपा लागल्या. आणि याला मी आयुष्यभर ढ समजत होते!"

*

या माणसाशी खोटं बोलायची सोय नाही. एकदा मला उशीर झाला. मी कोपऱ्यावरच्या हॉटेलात उभ्याउभ्या इडली खात होतो, तेवढ्यात अण्णांचा फोन. पेल्यांचा आवाज जाऊ नये म्हणून मी मागे हात धुवायच्या जागेत शिरलो, दार ओढून घेतलं आणि रुबाबात म्हणालो, "अण्णा, साइटवरच आहे!"

पलीकडून अण्णा म्हणाले,

"खोली लहान आहे. भिंतींना वरपर्यंत टाइल्स आहेत. सरी, ठीक आहे, हात धुऊन झाले की माझ्यासाठी दोन इडल्या बांधून आण. चटणी वेगळी."

*

मिहिरनं नेटवर बघून जांभळ्या फोमची आठ खोकी मागवली. त्याला वाटलं, भिंतीला चिकटवला की काम फत्ते.

अण्णांनी एक खोकं उघडलं. वर जाऊन अक्कांचं गजराचं घड्याळ आणि प्रेशर कुकर घेऊन आले. घड्याळ फोममध्ये चांगलं गुंडाळलं. गजर आपला ठणठणतोच आहे! मग तेच घड्याळ कुकरात ठेवून झाकण लावलं. आवाज जवळजवळ गेला. मग झाकण काढून त्याची रबरी रिंग काढली, तेच झाकण परत लावलं, आणि गजर पुन्हा खणखणीत!

"फोम खोलीतला घुमारा कमी करतो," अण्णा म्हणाले. "आवाज बाहेर जायचा थांबवते ती जड भिंत, तीही कुठेही फट न ठेवलेली. आपल्याला कुकर बांधायचाय, मिहिर. खोलीच्या आत दुसरी खोली, रबरावर ठेवलेली. बाहेरच्या भिंतीला तिचा कुठेही स्पर्श नको."

मिहिर खोक्यांकडे बघत बसला. मला कॉलेजात हे समजायला एक आख्खी टर्म लागली होती, म्हणून मी त्याला हसलो नाही.

वरून अक्कांचा आवाज आला, "घड्याळ शिजलं असेल तर कुकर पाठवा! भात लावायचाय!"

*

आमचा सुतार मंजुनाथ. तीस वर्षं ओळंबा आणि काटकोन तपासायचा गुण्या घेऊन फिरणारा, कामात सुतभर फरक खपवून न घेणारा माणूस. त्याच्या हातात अण्णांनी नकाशा दिला, आणि त्यात एकही भिंत समोरच्या भिंतीशी समांतर नव्हती.

अण्णा दोन दिवस होसकोट्याला रबर आणायला गेले. परत येऊन बघतात तर आतल्या खोलीचा सांगाडा चारही बाजूंनी अगदी काटकोनात उभा, त्यावर प्लायसुद्धा ठोकलेला!

"सार, नकाशात तुमची चूक झाली होती," मंजुनाथ हळूच म्हणाला. "कुणाला सांगितलं नाही. स्वल्प सरळ करून घेतलं."

अण्णांच्या अब्रूसाठी बिचारा दोन दिवस राबला होता! मी असतो तर आरडाओरडा केला असता. अण्णांनी आधी सांध्यांवरून हात फिरवला, "काम सुंदर आहे" म्हणाले, आणि खोलीच्या मध्ये उभं राहून एकच टाळी वाजवली. दोन समोरासमोरच्या भिंतींमध्ये ती टाळी टर्रर्र करत फडफडत राहिली.

मंजुनाथनं टाळी वाजवून पाहिली. मग दुसऱ्या कोपऱ्यात जाऊन वाजवली. दहा-बारा टाळ्या झाल्यावर त्यानं खांद्यावरचा टॉवेल कमरेला बांधला आणि स्वतःच्या हातानं सगळं उतरवायला घेतलं.

आता तो कुठल्याही घरात शिरला की आधी टाळी वाजवतो. त्याची बायको म्हणते, लोक विचारतात, यांच्या अंगात येतं का?

*

बांधकाम संपत आलं तेव्हा अण्णांनी पहिली चाचणी घेतली. मंजुनाथ खाली आतल्या खोलीत जमिनीवर हातोडा आपटणार, आणि आम्ही तिघं वर अक्कांकडे ऐकणार. अक्कांकडे जुनी लाल फरशी. दर आठवड्याला लाल पॉलिश, आणि नेमकं त्याच दिवशी झालेलं. आमचे मोजे लालभडक!

खालून स्पष्ट आलं, ठप्प. ठप्प.

मिहिरचा चेहरा पडला. पुण्याहून त्याची आई रोज फोनवर विचारायची, "नोकरी परत मिळेल ना रे?" त्या दिवशी त्यानं तिचा फोन उचललाच नाही. भिंत फोडायची म्हणजे महिन्याचं काम, आणि अक्कांच्या झोपेच्या वेळी ड्रम वाजवून बघायची परीक्षा बरोबर आठवड्यावर आलेली.

अण्णांनी गल्लीतल्या डॉक्टरांचा स्टेथोस्कोप मागून आणला आणि सबंध सकाळ भिंतीला लावून फिरले. मंजुनाथ आतून ठोकतोय, अण्णा बाहेरून ऐकतायत. अखेर एका स्विचबोर्डपाशी थांबले, बोर्ड काढला आणि त्या भोकातून वाकवलेली तार आत घातली. बाहेर आली बोटाएवढी लाकडी पाचर. दोन भिंतींच्या मध्ये अडकून राहिली होती.

पुन्हा हातोडा आपटला. वर काही नाही! मिहिरनं अण्णांना मिठीच मारली. मला विचाराल तर पायाच पडायला हवं होतं.

अक्कांनी ती पाचर मागून घेतली. त्यांच्या स्वयंपाकघराचं दार वाऱ्यानं आपटायचं. त्या दिवसापासून ते दारही गप्प झालं.

*

मग आली परीक्षेची दुपार. हातोडा वेगळा आणि ड्रम वेगळा, हे मिहिरला पक्कं ठाऊक होतं. आदल्या दिवशी त्यानं अक्कांना सांगून ठेवलं, "उद्या बरोबर दोनला वाजवायला सुरुवात करतो."

"सरी," अक्का म्हणाल्या. "मी नेहमीसारखी झोपते. मोडली तर किल्ल्या परत."

दोन वाजता आम्ही कुकरात शिरलो आणि जाड दार लावून घेतलं. मिहिरनं आठ महिन्यांत ड्रमला हात लावला नव्हता. त्यानं जो काही वाजवला म्हणता! माझ्या बरगड्या हलत होत्या. दीड तासात एक काठी मोडली, टी-शर्ट पिळून काढावा एवढा भिजला. अण्णा कोपऱ्यात डोळे मिटून बसले होते.

साडेतीनला आम्ही दार उघडलं. वर काही हालचाल नाही. मग जिन्यावर पावलं वाजली. डावा पाय जड.

अक्का दारात उभ्या राहिल्या. अंबाडा विस्कटलेला, डोळे तांबारलेले, चेहऱ्यावर राग.

"झोप मोडली माझी."

मिहिरनं खिशातून किल्ल्या काढून हातात घेतल्या. मी अण्णांकडे पाहिलं. अण्णा अक्कांकडेच बघत होते. अक्कांचा उजवा कान आणि गाल आमच्या त्या मोज्यांसारखे लालभडक झाले होते.

"दोनला सुरू करणार म्हणालास ना?" अक्का मिहिरवर कडाडल्या. "दीड तास मी डोळा मिटला नाही! वाजवायचंच नव्हतं तर एका शब्दानं सांगायचं की रे!"

राघू अण्णा उठले, खिशातला रुमाल काढला आणि त्यांच्यापुढे धरला.

"अक्का, कान पुसा."