बिजलाच्या मोहाचं बी

बी राखावं तर मोगराबाईनं, असं आमच्या गावात कुणीही सांगेल. गाव चोपडा तालुक्यात, सातपुड्याच्या अगदी पायथ्याशी. इथल्या शाळेत मी नऊ वर्षं मास्तर आहे. मोगराबाईच्या चुलीवर वाळवून पोकळ केलेले भोपळे टांगलेले असतात आणि त्यांत राखेत घोळवलेला मका, ज्वारी, वाल. धुरानं कीड लागत नाही, धगेनं ओल राहत नाही. कुणाचं बी किडलं की तो तिच्या दारात. ती आधी चार शिव्या देते, मग ओंजळभर बी.

रानातली मोहाची झाडं आमच्याकडे ज्याची त्याची ठरलेली असतात. नाल्याकाठचा मोठा मोह मोगराबाईचा. मुलीच्या, बिजलाच्या लग्नात तिनं तो तिला देऊन टाकला. बिजला शिरपूरकडे दिलेली. जावई विक्रम असा, की बायकोला माहेरी पाठवणं त्याच्या जिवावर येतं. पण मार्चमध्ये मोह गळायला लागला की मुकाट धाडायचा, कारण वाळलेल्या फुलांची पोती त्याच्याच घरी जायची. वर्षातले तेवढेच पंधरा दिवस. मोगराबाईला दुसरं कुणी नाही.

यंदा जूनच्या वादळात तो मोह मुळासकट पडला. फांद्यांवर पिकलेली फळं होती. मोगराबाईनं एकेक वेचलं, पाल्याखालचंसुद्धा; शेळ्यांना काही ठेवलं नाही. एकशे चाळीस बिया निघाल्या. त्याच जागी पुन्हा लावीन, म्हणाली.

आता मोह कधी कुणी लावलाय? रानानं दिला तो घ्यायचा, बियांचं तेल काढायचं, एवढंच सगळ्यांना ठाऊक. मला तरी कुठं जास्त ठाऊक होतं! तिला येत होतं ते तिनं केलं. बिया राखेत घोळवल्या, भोपळ्यात भरल्या, चुलीवर टांगल्या. पाऊस नीट बसला की लावू. महिनाभर ती रोज हात घालून बघायची, कोरड्या आहेत ना.

जुलैच्या शेवटी माती भरलेल्या पिशव्यांत बिया लावल्या. पंधरा दिवस गेले, वीस गेले. मग ती रोज एक पिशवी उकरून बघायला लागली. शेवटी आम्ही दोघं रोपवाटिकेत भूषणकडे गेलो. तो तिथं रोपं करतो. त्यानं एक बी फोडलं. आत काळं पडलं होतं.

"अक्का, हाई मरी गयं. मोहानं बी ताजंच लावनं पडस. वाळनं की सरनं."

"मंग सागनं बी उन्हमां कसाले तपाडतस?" ती भांडायलाच उठली.

सागाचं बी समोरच पसरलं होतं. त्याला आलटून पालटून पाणी आणि ऊन दाखवावं लागतं, तेव्हा कुठं त्याचं टणक कवच सैल होतं. बहाव्याच्या बीला तर गरम पाणी लागतं. ही बियाणी वर्षानुवर्षं झोपून राहू शकतात, भूषण म्हणाला. मोहाच्या बीला झोप नाही. ते ओल धरूनच पडतं आणि लगेच उगवायला बघतं. ओल गेली की जीव गेला. पुढच्या जूनमध्ये दुसऱ्या मोहाचं बी देतो, असंही तो म्हणाला.

"दुसरानं बी म्हंजे दुसरानं झाड," मोगराबाई म्हणाली. वाटेत तिनं आपले दोन्ही तळवे माझ्यापुढे धरले. "मना हातघाई मरनं, मास्तर."

मला रडू आलं. तिला आलं नाही.

परवा बिजलाचा फोन आला, माझ्याच मोबाईलवर. "माय, बी उगनं का?"

मोगराबाईनं माझ्याकडे पाहिलं. "उगनं ना. दोन पानं लागनात."

"मंग मी येसू देखाले!" बिजला आनंदानं ओरडली. मोगराबाईचा चेहरा उजळला. खोटं तर खोटं, पोरगी येणार होती.

तेवढ्यात फोन विक्रमनं घेतला. "मामी, आते येईसन काय करी ती? झाडले फुलं लागनात की सांगा. मंग धाडसू."

मोहाला फुलं यायला दहा-बारा वर्षं सहज लागतात. मोगराबाईची साठी उलटून गेलीय. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली, पण फोन बंद झाला होता.

तिनं मोबाईल पदरानं पुसून माझ्या हातात दिला. मग हंडा उचलला आणि राहिलेल्या पिशव्यांना एकेक करून पाणी घालायला लागली.