साडूंचे तीन खिसे

सायकलवर बसलेल्या माणसाचं काय काय होऊ शकतं, याचा माझ्या सांगलीच्या साडूंइतका सखोल विचार आजवर कुणी केला नसेल. हळदीचा व्यापारी माणूस. रक्तात साखर निघाली, डॉक्टरांनी व्यायाम सांगितला, आणि पन्नाशीला स्वारी सायकल घ्यायला निघाली. दुकानात त्यांनी सायकलीकडे बघितलंच नाही. आधी जर्सी मागितली, उलटी धरली, पाठीवरच्या खिशांत एकेक मूठ घालून बघितली आणि कळवळून म्हणाले, "तीनच? ज्यानं हे काढलं त्याला बायकापोरं नसणार, पाव्हणं."

त्याच संध्याकाळी जर्सी शिंप्याकडे गेली. ते नाजूक, ताणणारे खिसे दुप्पट खोल होऊन, आतून पोत्याचं अस्तर लावून परत आले. पोतं अर्थातच हळदीचं. त्यामुळे घाम आला की साडूंची पाठ पिवळी होते. डावा खिसा गाडीचा : पंप, ठिगळं, पाना, तारेचा तुकडा. उजवा माणसाचा : मलम, पट्ट्या, लिंबू, सेफ्टी पिना. मधल्याचं नाव 'काय सांगता येतंय?' त्यात भर उन्हाळ्यातला रेनकोट, शिट्टी, कुत्र्यांसाठी बिस्किटं आणि अगदी तळाशी शेंगदाण्याच्या लाडवाची डबी. मागून बघणाऱ्याला वाटावं, लेकरू पाठीशी बांधून कुणी बाई निघालीय. लोणंदच्या बाजारात एका आजीनं त्यांना थांबवून विचारलं होतं, "आवं, काय इकायला आणलंय?" साडूंनी तिला सेफ्टी पिना फुकट देऊन टाकल्या आणि पुढची सगळी वाट 'आता पिना न्हाईत' म्हणून घाबरत काढली.

खरी गंमत पुढेच आहे. एवढा संसार पाठीवर, पण हँडलवरचा हात सोडून मागे न्यायची त्यांची छाती नाही! मग मी शेजारून सायकल चालवत त्यांच्या खिशात हात घालायचा आणि त्यांनी समोर बघत ओरडायचं, "डावा न्हवं, मधला! सावकाश! गुदगुल्या होतात वं!" सायकलस्वाराचे खिसे पाठीवर का असतात, याचं साडूंनी काढलेलं उत्तर असं की, सोबत साडू असतो म्हणून.

गेल्या वर्षी उन्हाळ्याच्या तोंडावर आम्ही साताऱ्याहून सांगलीला निघालो. पहाटे निघूनही विट्यात उशीर झाला होता, कारण साडू चढ चालवत चढतात आणि उतार पायी उतरतात. मी सारखं मागे वळून उन्हाकडे बघत होतो. साडू साखरेवरच्या गोळ्या घेतात, वेळेवर खाल्लं नाही तर साखर एकदम खाली येते. आणि आमच्या सासरच्या जैन घराच्या रीतीप्रमाणे दिवस मावळल्यावर ते अन्नाला शिवत नाहीत. त्याच घराचा मीही जावई, पण मी त्या बाबतीत जरा सैल आहे. साडूंच्यात सैल काही नाही, खिसेसुद्धा.

तासगाव मागे पडलं आणि साडू थांबले. चेहरा ओलाचिंब, हात लटपटत होते. सायकल सोडून ते रस्त्याकडेला मटकन बसले. सूर्य द्राक्षांच्या मांडवाला टेकायला आला होता.

"लाडू!" असं ओरडून मी मधल्या खिशात हात घातला. रेनकोट निघाला. शिट्टी निघाली. बिस्किटं सकाळीच कुत्र्यांच्या पोटात गेली होती. मग एक बारीक ट्यूब निघाली. साडूंची चाकं जाड, बारीक चाकं माझी. मग माझ्या पित्ताच्या गोळ्या. मग माझ्या नंबरचा जादा चष्मा! पिवळ्या बोटांनी मी तळ खरवडला. पोत्याचे धागे.

"डबी कुठाय?"

"काढून ठेवली सकाळी," साडू डोळे मिटून पुटपुटले. "तुमची ट्यूब बसंना."

मला त्यांना शिव्या घालायच्या होत्या, पण आधी काहीतरी गोड शोधायला हवं होतं. समोरच बेदाणे वाळवायचं शेड होतं. तिथला माणूस धावत आला. "आवं, काय झालं? लय घाम आलाय की!"

"साखर उतरलीय. काही गोड आहे का?"

"गोड?" तो माझ्याकडे वेड्याकडे बघावं तसा बघत राहिला. "आवं, शेडभर गोडच हाय की!"

त्यानं ओंजळभर बेदाणे आणले. साडूंनी ते तोंडाशी नेले आणि तिथंच थांबले. "दिस हाय का अजून?"

मी मान वळवून सूर्य शोधू लागलो. तो माणूस मात्र शांतपणे मांडवाकडे बघून म्हणाला, "हाय की. चांगला वीतभर हाय. खावा."

साडूंनी खाल्लं. एकेक बेदाणा चावत, डोळे पश्चिमेकडे लावून. सूर्य मांडवाआड गेला तेव्हा ओंजळ रिकामी होती आणि हात थरथरायचे थांबले होते. मी रस्त्यावर विखुरलेला संसार गोळा करत होतो, तोवर मागून आवाज आला, "पाव्हणं, तुमचा चष्मा उचलला का?"

हल्ली गुडघ्यामुळे साडू सांगलीतच थोडं फिरतात. मी साताऱ्यात एकटा सायकल चालवतो. माझ्या जर्सीच्या मधल्या खिशात आता लाडवाची डबी असते, प्रत्येक खड्ड्याला ती पाठीत टोचते. बाकी मी होतो तसाच सैल आहे. घरी पोचलो की त्यांचा फोन येतो, "डबी हाय न्हवं?" मी म्हणतो, "हाय." मग उंबऱ्यावर बसून डबी उघडतो, आणि तो एक लाडू मात्र दिवस मावळायच्या आत खातो.