सावंतकाकांची रेघ

सोमवारी सकाळी गाळ्याचं शटर अर्धं वर केलं होतं, तेवढ्यात सावंतकाकांच्या मुलीचा फोन आला. "ताई, बाबा काल गेले... झोपेतच." शटर तसंच ठेवून मी वाकून आत शिरले, कारण दुसरं काय करायचं ते सुचेना. आत आमचं जुनं सीएनसी मिलिंग मशीन उभं होतं आणि काकांनी शनिवारी अर्ध्यावर सोडलेलं काम त्यावर तसंच बांधलेलं होतं. वर्सोव्याच्या एका बोटीच्या पंपाचं बिडाचं, म्हणजे ओतीव लोखंडाचं, कव्हर. एक भोक झालेलं, तीन बाकी.

अंधेरीतल्या या गाळ्यात काका आधी माझ्या वडिलांबरोबर उभे राहिले आणि त्यांच्या मागे माझ्याबरोबर. मूळचे मालवणकडचे, वडील गिरणीत होते. बोलणं मोजकं, चहा मात्र बेहिशेबी. मी इंजिनिअर होऊन गाळ्यात आले तेव्हा आपल्याला सगळं येतं अशी माझी ठाम समजूत होती. ती काकांनी पहिल्याच आठवड्यात उतरवली.

मशीन बंद झालं की आपण कुठे उभे होतो हे ते विसरतं. म्हणून नव्या मशीनला कडेला स्विच असतात. काम बांधलेलं सरकतं टेबल जाऊन त्यांना टेकतं आणि मशीन तिथून मोजायला लागतं. त्या जागेला होम म्हणतात, पुढचं सगळं माप तिथून. आमचं मशीन जुनं घेतलेलं, त्याचे स्विच आधीच कोणीतरी काढून नेलेले. काकांनी त्यावर स्वतःच सुईच्या टोकाएवढ्या बारीक रेघा ओढल्या होत्या, सरकणाऱ्या भागावर एक आणि त्याच्यासमोर स्थिर भागावर एक. रोज सकाळी चष्मा कपाळावर चढवायचा, सुतळीला बांधलेलं भिंग डोळ्याशी धरायचं आणि रेघेला रेघ मिळवायची. माझा विश्वास बसेना. आठवडाभर मी त्यांच्या मागे डायल, म्हणजे केसभर फरकही काट्यावर दाखवणारं मापयंत्र, लावून तपासलं. काटा रोज त्याच जागी. शेवटी मी डायल पुसून पेटीत ठेवून दिला.

एकदा ते कोपऱ्यात चहा घेत असताना मीच होम लावायला गेले. टेबल रेघेच्या जरासं पुढे गेलं, म्हणून मी बटण दाबून तेवढंच मागे घेतलं. काकांची माझ्याकडे पाठ होती.

"मागे फिरलंस मा?" ते म्हणाले.

"केसभर हो, काका. तुम्हाला कसं कळलं?"

"आवाज इलो माका." बशी खाली ठेवून ते उठले. "चेडवा, केसभर मागे घेतलंस तर इस्क्रू मागे येता. टेबल येणा नाय."

टेबल सरकवणाऱ्या स्क्रूच्या आट्यांमध्ये किंचित ढिलाई असते, ती आधी भरून निघते आणि टेबल जागचं हलतच नाही. म्हणून रेघ ओलांडली की चुचकारून मागे यायचं नाही. पार लांब जायचं आणि पुन्हा रोजच्याच बाजूने, डावीकडूनच, सावकाश यायचं. हे पुस्तकातही आहे, मी परीक्षेत लिहिलंही होतं. पण पाठ फिरवून ते ऐकणारा माणूस मी तेव्हा पहिल्यांदा पाहिला.

तेरावं झालं आणि बोटवाला दारात आला. "ताई, नारळी पुनवेला बोट काढायची हाय. ह्याचा दुसरा नग कुठंच नाय मिळत... काका बोल्लेले, होतंय." मी हो म्हणाले आणि मशीनसमोर उभी राहिले. होम केसभर चुकलं असतं तर उरलेली भोकं जागा सोडून पडली असती आणि ते कव्हर भंगारात गेलं असतं.

भिंग लावलं. पहिल्याच प्रयत्नात रेघ ओलांडली. बोट बटणावरच होतं, जरासं मागे घेतलं असतं तर कुणाला कळणार होतं? कोपऱ्यात आता कोणी पाठ करून बसलेलं नव्हतं. मी टेबल पार लांब नेलं आणि डावीकडून पुन्हा आणलं. रेघेला रेघ मिळाली. मग मशीनला काकांनी पाडलेल्या भोकावर पाठवलं, स्पिंडलला, म्हणजे हत्यार धरून फिरणाऱ्या दांड्याला, डायल लावून आत उतरवला आणि तो हातानं फिरवला. पूर्ण एक फेरा. काटा हलला नाही. पुन्हा एक... तसाच. दोन आठवड्यांपूर्वी गेलेल्या माणसानं पाडलेलं भोक आणि आज मी लावलेलं होम, दोहोंत केसभरही अंतर नव्हतं. मी रडले, आणि मग उरलेली तीन भोकं पाडली. पुनवेला बोट गेली.

नवे स्विच मी मागवून ठेवले आहेत. पुढे येणाऱ्याला भिंग घेऊन वाक म्हणणं बरं नव्हे, हे मला कळतं. बसवणारा दोनदा येऊन गेला. दोन्ही वेळा त्याला चहा पाजून परत पाठवलं. सुतळीला बांधलेलं भिंग मशीनच्या खिळ्यावर आहे, त्याची मूठ काकांच्या अंगठ्यानं एका बाजूला झिजली आहे. माझा अंगठा तिथे नीट बसत नाही. तरी सकाळी मी तिथेच धरते, लांब जाते आणि डावीकडून येते.