इंदूबाईचा कच्चा कोपरा

पडदा वर जातो. मे महिन्यातली सकाळ. मागे कोंडाण्याचे डोंगर, पुढे रिकामी शेतं, उजवीकडे गवताची उंच उडवी. आणि मधोमध, कमरेला पदर खोचून, गालावर काजळीचा पट्टा घेऊन उभी आमची नायिका, इंदूबाई. उभं आयुष्य मी रंगभूमीवर घालवलं, पण असा प्रवेश मला एकदाही साधला नाही.

इंदूबाई म्हणजे राब भाजण्यात गावातला पहिला हात. भाताची रोपं जिथं करायची ती जमीन आमच्याकडे आधी भाजून घेतात. शेण, झाडांचे टहाळ, वाळल्या पानांचा पातेरा यांचे थर रचायचे, वर माती भुरभुरायची आणि वारा बघून पेटवायचं. हिनं पेटवलेला राब भडकत नाही, आतल्या आत पुटपुटत राहतो. दुसऱ्या दिवशी शेत बांधापासून बांधापर्यंत एकसारखं काळं. निदान गाव तरी असं समजून होतं.

तिची लेक हर्षला यंदा बारावी झाली. खालापूरकडच्या एका विज्ञान संस्थेनं कॉलेजला जाणाऱ्या मुलांसाठी सहा आठवड्यांचं उन्हाळी संशोधन शिबिर काढलं, त्यात तिची निवड झाली. अट अशी, की प्रश्न आपल्याच गावातला शोधायचा. तिसऱ्या आठवड्यात संस्थेतल्या मॅडम येऊन बघणार. ज्याचं काम उभं असेल तो पुढं त्यांच्या प्रयोगशाळेत, बाकीचे घरी. त्या प्रयोगशाळेतला सूक्ष्मदर्शक हर्षलानं एकदाच, तेही काचेच्या दारातून पाहिला होता. तेव्हापासून पोरगी जेवताना भाताची शितंसुद्धा डोळे बारीक करून बघायची.

तिचा प्रश्न सरळ होता. राब भाजल्यानं नक्की होतं काय? त्यासाठी आईच्या शेतात एक वाफा मुद्दाम न भाजता ठेवायचा आणि भाजलेल्या जमिनीशी ताडून बघायचा. तिनं चार खुंट्या ठोकल्या, सुतळी बांधली, पुठ्ठ्यावर लिहिलं, ‘हात लावू नये’, आणि आईला कारण न सांगताच ती दोन दिवस संस्थेत गेली.

तेवढ्यात बांधावर थोरली जाऊ उगवली, सोनुबाई. “काय गं इंदू, लेक शिकली म्हनून वाफा कच्चाच ठेवलास का? का हात थकला?”

झालं. इंदूबाईनं काय केलं ते मी सांगायला हवं का? पाहुणी बाई येणार आणि शेतात कच्चा वाफा? त्याच दुपारी तिनं थर रचले नि वाफा भाजला. पेटवायला हाताशी काही नव्हतं, पण पुठ्ठा होता.

दुसऱ्या दिवशी दहाच्या सुमाराला जीप आली. हर्षला आणि तिच्या विनिता मॅडम उतरल्या. मी शेजारच्या बांधावर, फुकटच्या पासावर बसलो होतो.

“आये! माझा वाफा!”

“भाजला ना गं. तू इसरलीस, म्या केला. कसा झालाय बघ, पुरनपोळीवानी.”

“अगं, तो कच्चाच हवा होता! आता सगळं सारखंच. मी काय दाखवू?”

विनिता मॅडमनी शेतभर नजर फिरवली. “याच शेतात न भाजलेली थोडी जागा असेल ना? हीच माती हवी, दुसरीकडची चालणार नाही.”

“नाही मॅडम,” हर्षला म्हणाली. “आई एक वीतसुद्धा सोडत नाही.” आणि तिनं वही मिटली.

“मग अवघड आहे गं,” मॅडम हळूच म्हणाल्या.

इंदूबाईनं त्या मिटलेल्या वहीकडे पाहिलं. मग उडवीकडे. मग बांधावर मान उंच करून उभ्या असलेल्या जावेकडे. आणि एकदम ओरडली, “जाऊबाई! तुमची शेळी पापडांत शिरली!”

सोनुबाई चपला टाकून धावली. माझ्या माहितीप्रमाणे शेळी त्या वेळी ओढ्यापलीकडे होती.

इंदूबाई झपाझप उडवीजवळच्या कोपऱ्यात गेली. तिथं एक गोणपाट पडलेलं होतं. तिनं ते उचललं. खाली चार हात जमीन, अर्धी राखेनं काळी, अर्धी तांबडी, कोरी.

“ह्यो कोपरा म्या भाजत नाय,” ती म्हणाली. “लगीन झालं त्या सालात वारा फिरला आन् जाऊबाईंची उडवी पेटली. अजून ऐकवतात. तवापासून हितं इस्तव आनायची छाती होत नाय. पन कोरा ठेवला तर म्हनतील भ्याली. मंग दुसरीकडची राख आनून टाकते वरून. यंदा अर्ध्यावर टाकली आन् हिचा वाफा भाजायला पळाली.”

“आये!” हर्षला किंचाळली. “दर वर्षी?”

मॅडम मात्र गुडघ्यांवर बसल्या होत्या. “म्हणजे इथं आग नाही, नुसती राख. आणि इथं राखही नाही. रोपं कशी येतात हो?”

“राखेतली हिरवीगार, भाजल्याली असतात तशीच. पन तन मरनाचं! उजाडायच्या आत येऊन उपटते, कुनी बघू नये म्हनून.”

“किती वर्षं?”

“हर्षी व्हायच्या आदीपासनं. ईस तरी झाली.”

वही उघडली गेली. “आये, हळू सांग. तण कुठलं? कधी येतं?” लेक विचारत होती आणि आई बोटांवर मोजत सांगत होती. वीस वर्षांची लबाडी दोन पानांत मावेना.

मॅडमनी तिन्ही ठिकाणची माती पिशव्यांत भरली. “हर्षला, सोमवारी प्रयोगशाळेत ये. काम आग करते की राख, हा तुझ्या पहिल्या प्रश्नाहून चांगला प्रश्न आहे.” मग वळून म्हणाल्या, “इंदूबाई, अहवालात तुमचंही नाव घालू ना?”

तेवढ्यात सोनुबाई धापा टाकत परत येताना दिसली. “इंदे! कुटं हाय शेळी?”

इंदूबाईनं पायानंच गोणपाट कोपऱ्यावर ओढलं, चेहरा देवळातल्यासारखा केला आणि मॅडमच्या कानाशी वाकली.

“नाव घाला बाई, पन कोपरा कंचा ते नका लिवू. जाऊबाईंना वाचता येतं.”