छताला गाल लावणारी होसियत आपा

मिसरूड फुटायच्या आधीपासून मी चुलीपुढे आहे. आमच्या कोकंद शहरात लग्न निघालं की लोक आधी माझी तारीख विचारतात, मग इमामाची. ही फुशारकीच आहे, पण खोटी नाही. तर अशा मला, तुर्दीकुल आचाऱ्याला, उष्णता म्हणजे काय चीज आहे हे एका बाईने शिडीवर चढवून दाखवलं.

झालं असं की पुलावाचं तेल आधी पांढरा धूर निघेपर्यंत तापवावं लागतं. त्याशिवाय सरकीच्या तेलाचा उग्रपणा जात नाही. आणि आमच्या लग्नाच्या हॉलच्या मालकाने स्वयंपाकघरात लावून ठेवले होते धूर ओळखणारे डिटेक्टर! तेल तापलं की यांची बोंब सुरू. गेल्या वसंतात ऐन नवरी दारात आणि वर भोंगा ठणाणा करतोय. पाहुणे चपला टाकून पळाले. नवऱ्याची आत्या म्हणाली, पोरीचा पायगुण बघा. ते पोर आजही सासरी टोमणे खातंय. मग आम्ही काय केलं, सगळ्या डिटेक्टरांच्या तोंडाला प्लास्टिकच्या पिशव्या बांधल्या. तपासणीवाल्यांनी त्या पाहिल्या, मालकाची चांगली हजेरी घेतली, आणि त्यानंतर होसियत आपा आली.

ठेंगणी, जाड भिंगाचा चष्मा, डोक्याला फुलाफुलांचा रुमाल, आणि खांद्यावर स्वतःपेक्षा लांब शिडी. आधी ती रेशीम गिरणीत होती, कोष वाळवायच्या भट्टीवर. गिरणी बंद पडली तशी ही या धंद्यात शिरली. आल्या आल्या पिशव्या पाहून हसली आणि म्हणाली, "उस्ता, तेल तापवा. रोज तापवता तसंच."

मी तेल तापवलं. धूर निघाला. ही बाई शिडीवर चढली, चष्मा काढून खिशात टाकला आणि छताला गाल लावला! मग शिडी सरकवली, पुन्हा चढली, पुन्हा गाल. सगळ्या छतावर तिचं तेच चाललं होतं. माझे लोक तोंड दाबून हसायला लागले. मी म्हणालो, आपा, छताचे मुके झाले असतील तर चहा घ्या. तिने वरूनच मला बोलावलं.

मी चढलो. अहो, काय सांगू! कमरेपर्यंत मी नेहमीच्या स्वयंपाकघरात होतो, आणि डोकं भट्टीत. मध्ये भिंत नाही, पडदा नाही, तरी जणू रेघ ओढलेली. खड्ड्यात पाणी साचतं तशी उष्णता छताला साचली होती, फक्त उलटी. एका कोपऱ्यात दाट, तुळईच्या मागे विरळ, खिडकीकडे वाहून चाललेली. सगळं आयुष्य मी तिला खालून वर पाठवत होतो आणि ती जाते कुठे, हे एकदाही बघितलं नव्हतं. माझ्या अंगावर काटा आला. त्या गरमीत, खरंच, काटा आला.

मग तिने धुराचे डिटेक्टर काढून उष्णतेचे बसवले. धूर कितीही होऊ दे, यांना त्याचं सोयरसुतक नाही. स्वयंपाकघरात तिने लावले ते ठरावीक उष्णतेला पोचल्यावरच ओरडणारे, म्हणजे रोजच्या तेलाला ते हूं की चूं करणार नाहीत. मागच्या कोठीत मात्र दुसऱ्या जातीचा लावला. तिथे एरवी थंड असतं, आम्ही चूल पेटवायला कापसाच्या वाळक्या पऱ्हाट्या रचून ठेवतो. तिथला डिटेक्टर उष्णता भरभर चढायला लागली की लगेच बोलणार. लांब काठीच्या टोकाला गरम हवेची वाटी लावून तिने एकेकाला जागं करून पाहिलं. दर काही महिन्यांनी येऊन ती त्यांच्यावरचं तेलकट पुसायची, पुन्हा जागं करायची. त्यांना ती बाळं म्हणायची. बाळ गप्प आहे म्हणजे झोपलंय असं समजू नका, म्हणायची.

आणि मग माझ्याच झेबिनिसोचं लग्न ठरलं. एकुलती एक मुलगी. लग्न याच हॉलमध्ये. मुलाची आई मुअत्तरबाई म्हणजे बारीक नजरेची बाई, शकुन-अपशकुन फार मानणारी, असं सगळं गाव सांगायचं. माझा जीव टांगणीला लागला. ऐन वेळी घंटा वाजली तर माझ्या पोरीच्या कपाळी जन्माचा पायगुण चिकटणार. मी आपाच्या घरी गेलो, तिच्या ओसरीवर बसलो आणि म्हणालो, "आपा, एकच दिवस बंद ठेवा. बापाची विनंती समजा."

"बापाचं ऐकलं असतं, उस्ता," ती म्हणाली. "पण आत्ता तुमच्या तोंडून सोयऱ्यांची भीती बोलतेय."

माझं डोकं फिरलं. चहा न पिता उठून आलो.

लग्नाच्या दिवशी सकाळीच ती काठी घेऊन हजर. कोठीतल्या डिटेक्टरला गरम हवा दिली तर तो बोलेना. शिडी लावून पाहते तर काय, माझ्या बायकोने, शरोफतने, पोरीला नजर लागू नये म्हणून हरमल या रानझुडपाची वाळकी जुडी आणि लाल मिरच्यांची माळ नेमकी त्याच्याभोवती गुंडाळून बांधलेली! छतातून खाली आलेलं एवढं छान गोंडस बोंड, तिला वाटलं यासाठीच आहे. आपाने जुडी सोडवली तशी शरोफत रडायला लागली. लग्नाच्या दिवशी कुणी हरमल उतरवतं का? आपाने जुडी कपाळाला लावून तिच्या हातात दिली. "वहिनी, ही दारावर बांधा. नजर दारातून येते. इथे वर फक्त उष्णता येते."

मी तर बोलायचं ते सगळं बोललो. आज घंटा वाजली तर या डबीसकट तुम्हाला रस्त्यावर भिरकावीन, इथपर्यंत. ती म्हणाली, मग मी इथेच थांबते, भिरकावायला सोपं पडेल. आणि खोकं उपडं करून त्यावर बसली.

दुपारी मी तेल चढवलं. पांढरा धूर उठला, छताला भिडला. मी वर बघत उभा. डिटेक्टर चूप. गाजर पडलं, मांस पडलं, चूप. मला इतकं हलकं वाटलं की आपाला मी स्वतः चहा नेऊन दिला.

इतक्यात फाटकाशी कर्णे वाजले, वरात आली. आणि त्याच क्षणी घंटा! जिन्यात, अंगणात, सगळीकडे. कोठीतला डिटेक्टर बोलला होता.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. हातातला झारा घेऊन मी कोठीकडे धावलो, आज याचा चुराच करतो म्हणून. आपा आडवी आली. तिने हाताची मागची बाजू दाराला टेकवली आणि झटकन ओढून घेतली.

"दार उघडू नका. वरच्या खोलीत कोण आहे?"

वर झेबिनिसो होती. शरोफत आणि बायका तिला नटवत होत्या.

जिना त्या दाराला खेटूनच. मी कसा चढलो आठवत नाही. वरच्या खोलीत बायकांनी हरमल जाळून ती पोरीवरून ओवाळायला घेतली होती. खोली धुराने भरलेली, त्यात दुसऱ्या कुठल्या धुराचा वास येणार कुणाला? घंटा वाजतेय आणि त्या म्हणतायत, वाजू दे, स्वयंपाकघरातलीच असेल. मी पोरीला हाताला धरून ओढलं, बाकीच्यांना हाकललं. उतरताना कोठीच्या दाराचा रंग फुगून फुटत होता. पाहुण्यांसाठी अंगण झाडलं तेव्हा कुणीतरी राखेची बादली आत पऱ्हाट्यांपाशी सरकवली होती. राखेत निखारा होता.

आम्ही अंगणात पोचलो आणि थोड्याच वेळात वरच्या खोलीची जमीन खाली बसली. आरशापुढे जिथे झेबिनिसोचं स्टूल होतं, तिथूनच. बंबवाल्यांनी आग विझवली तेव्हा मी खालून त्या भोकातून, जळालेल्या छपराच्या पलीकडचं आभाळ पाहिलं. एवढीशी डबी, आणि तिने माझी मुलगी मला परत दिली होती.

पण वरात दारात उभी होती. घंटा वाजली होती, आग लागली होती, नवरी पायात काही न घालता रस्त्यावर आली होती. यापेक्षा मोठा अपशकुन कुठला? मी छातीवर हात ठेवून मुअत्तरबाईंसमोर जाऊन उभा राहिलो. मान वर होईना.

"विहीणबाई," मी म्हणालो, "तुम्ही म्हणाल तसं."

"घंटा कुणी बसवली?" त्यांनी विचारलं.

मी आपाकडे बोट केलं. रुमाल घसरलेला, हात काळे, ती भिंतीला टेकून दम खात होती. मुअत्तरबाई मला ओलांडून सरळ तिच्यापुढे गेल्या.

"बाई, आमच्या घरी हे नाही," त्या म्हणाल्या. "निकाह इथे अंगणात लागू दे. पण आधी तुम्ही आमच्याकडे चला आणि हे बसवा. त्याशिवाय मी सून घरात नेणार नाही."

आपाने चष्मा पुसून डोळ्यांवर चढवला आणि विचारलं, "सुनेची खोली कुठली?"

मुअत्तरबाई तिला सांगायला लागल्या, खिडकी कुठे, पलंग कुठे, शेगडी कुठल्या भिंतीला. मी तिथेच सगळ्यांसमोर ढसाढसा रडलो.